शिरोरेषेतली फट : आमची वाटचाल

२०११ साली पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही दोघांनी छपाईचा आणि अक्षरकामाचा स्टुडिओ थाटला. मी मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलो, तर माझा भागीदार लग्नपत्रिका छापणाऱ्या घरातला. स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी, शाई ओढायची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, शाईचे डबे सगळं त्याच्याच घरून आलं. पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, गणेश मंडळांचे अहवाल यांतून भाडं निघायचं. ती कामं आजही आम्ही मनापासून करतो.

रात्री मात्र अक्षरं मोडून पाहायचो. काना छाटायचा, वेलांटी लांबवायची, जोडाक्षरं एकावर एक रचायची. गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग काय, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

२०१४ मध्ये एका कुंभारकाम करणाऱ्या ताईंचं प्रदर्शन होतं, नाव 'भट्टी'. आम्ही शिरोरेषा साफ काढून टाकली आणि अक्षरं फळीवर मांडलेल्या मडक्यांसारखी सुटी ठेवली. दोनशे पोस्टरं हाताने छापली. लागल्याबरोबर लोक 'मट्टी' वाचायला लागले. भ आणि म, ध आणि घ या जोड्या ओळखताना डोळा रेषेतल्या त्या छोट्या फटीचा केवढा आधार घेतो, हे तेव्हा कळलं. रेषाच नाही म्हटल्यावर फट दिसणार कुठे? चूक सर्वस्वी आमची होती. दोन रात्री जागून, पदरच्या पैशाने सगळी पोस्टरं पुन्हा छापली. या खेपेला रेषा जाडजूड काळी, आणि भ वरची फट इतकी रुंद की भट्टीचं तोंडच वाटावं. त्या फटीत तेवढा नारिंगी रंग. ताई पोस्टरासमोर बराच वेळ उभ्या होत्या. माझ्या मते आजवरचं आमचं सर्वांत चांगलं काम तेच.

तेव्हापासून नवं अक्षर बाहेर जाण्याआधी, कामाची काहीच माहिती नसलेल्या तिघांकडून वाचून घेतो. एकजण जरी अडखळला तरी कागद परत टेबलावर.

त्या पोस्टरामुळे नाटकवाले आले, दोन प्रकाशक आले. संगणकावर मंगलसारखा देवनागरी फाँट घडवणाऱ्या र. कृ. जोशींच्या सुलेखनाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो. मराठी मजकुरात हिंदी वळणाचे नव्हे, तर मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हा हट्ट तेव्हापासून सोडलेला नाही.

२०२२ मध्ये कायदा बदलला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत अशी अटही आली. एरवी आमच्याकडे न फिरकणारे दुकानदार दारात उभे राहू लागले. बरेच जण तयार फाँटात नाव टाकून द्या म्हणायचे. आम्ही प्रत्येकाला हाताने काढलेला एक नमुना दाखवायचो, त्याच दरात.

सध्या टेबलावर एका धारवाल्याची पाटी आहे : 'सुऱ्या, कात्र्या'. ऱ्य मधल्या अर्ध्या र ची कोर सुरीच्या पात्यासारखी वळवली आहे. तिघांपैकी दोघांनी बिनचूक वाचलं. तिसरा अडखळला, म्हणून उद्या ती कोर पुन्हा काढायची आहे.