घर हातभर उचलताना

मंगळवार

खुब्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दसरा होऊन जाऊ द्या, असं मीच डॉक्टरांना म्हटलं. आम्ही नागपूरला लक्ष्मीनगरात राहतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी भरून वाहतात, धंतोलीला हॉस्पिटलात जायचं तर गाडी कुठून वळवावी लागेल याचा नेम नसतो. शिवाय ऑक्टोबरचं ऊन उतरलेलं बरं. पायात घट्ट मोजे, दोन पायांत उशी आणि डोक्याशी कूलरची घरघर, एवढं सगळं एकदम नको.

दुखणं खुब्याचं आहे हे कळायलाच केवढा काळ गेला! दुखायची जांघ आणि गुडघा. मग गुडघ्याचे एक्स-रे, गुडघ्याला तेल, गुडघ्याला पट्टा. या डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, पाय वाकवून खुबा आतल्या बाजूला फिरवला, आणि मी अशी ओरडले की बाहेर बसलेले आमचे हे आत आले. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं म्हणे, नसा त्याच. एक्स-रेत मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामध्ये फटच उरलेली नव्हती.

शनिवार

फिजिओथेरपीवाली मुलगी घर बघून गेली. पोरगी लहान, पण नजर सासूची. "काकू, ऑपरेशननंतर खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. त्या बाजूचं पाऊल आत वळवायचं नाही." म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. तिने आमच्या सोफ्यावर बसवून दाखवलं. गेलाच वर. सोफा बाद.

ती गेल्यावर घर नीट पाहिलं, तर आमचं सगळं घर जमिनीवर! विळी जमिनीवर, कणकेचा डबा ओट्याखाली, सिलिंडरचा खटका खाली, चपला खाली, साड्या सगळ्यात खालच्या खणात, देवघर पाटावर. जन्मभर मी वाकून, उकिडवी बसून, मांडी घालून संसार केला, तेव्हा हे कधी डोळ्यांत भरलं नाही. आता पलंगाखाली सुताराकडून ठोकळे आणलेत, कमोडवर उंच बैठक बसवली, बाथरूमला दांडी लावली, पायपुसणी आणि जिन्याजवळची सतरंजी गुंडाळून ठेवली. देव टेबलावर आले. "चालेल का गं त्यांना?" हे म्हणाले. मी म्हटलं, भक्तीणच खाली बसू शकत नाही तर ते तरी खाली बसून कोणाकडे पाहणार?

तपासण्याही सुरू आहेत. रक्त, साखर, लघवी, ईसीजी. आणि दात! एका किडलेल्या दाढेपायी तारीख पुढे जाते की काय असं वाटलं. तोंडातले जंतू रक्तातून जाऊन नव्या सांध्यावर बसले तर सगळंच अवघड होतं, म्हणून आधी दाढ. काढून टाकली.

गुरुवार, हॉस्पिटलात

झालं. कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं सगळं बधिर. डुलकी लागावी म्हणून काही दिलं होतं, तरी मधूनच हातोड्याचे ठोके ऐकू येऊन राहिले होते. दुखत काहीच नव्हतं. कोणाच्या तरी घरी भिंतीत खिळा ठोकून राहिले असावेत आणि आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, असं.

मुलाने विचारून ठेवलं होतं: हाडात धातूची दांडी, तिच्यावर सिरॅमिकचा गोळा, वाटीत पॉलिथिलिनचं अस्तर. सिमेंट नाही, धातूचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यात हाड हळूहळू वाढून धरतं. पॉलिथिलिनची ही कल्पना इंग्लंडच्या जॉन चार्नली नावाच्या सर्जनची, 1962 ची. आधी त्यांनी टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं, ते लवकर झिजलं. माझ्या मांडीत जे आहे त्याच्याच कुळातल्या बादलीने मी आंघोळ करते, हे कळल्यापासून बादलीबद्दल जरा आदर वाटतो.

आज वॉकर धरून उभी राहिले. घेरी आली, पण जांघेतली ती जुनी कळ नव्हती. कापल्याचं दुखणं वेगळं. ते निघून जाणारं दुखणं आहे हे कळतं.

घरी, सोमवार

रात्र वाईट. उताणंच झोपायचं, पायांत उशी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून 35 दिवसांच्या गोळ्या, आणि जागेपणी दर तासाला पावलं वरखाली. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. याबद्दल कोणी आधी बोलत नाही, म्हणून मी लिहून ठेवते. इसबगोल आणि पपई पहिल्या दिवसापासून सुरू करा.

सगळ्यात छळतं ते वस्तू पडणं. चष्म्याचं घर, गोळीचं पाकीट, कंगवा. पूर्वी एवढ्या वस्तू पडायच्या का? हातात लांब चिमटा दिलाय, पण त्याने गोळी उचलली जात नाही. कामाच्या मावशी म्हणतात, "बाई, तुमी वाकू नका, मी देतो ना." देतात. मागायला मात्र जीव जातो. इतकी वर्षं घरात खाली पडलेलं सगळ्यांचं उचलायचं काम माझ्याकडे होतं, आणि आता मी चार खोल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारते: कंगवा पडला!

भेटायला येणारे संत्री आणतात. अंबिया बहार आहे, त्यामुळे घरात वास छान. सोबत एक गोष्टही आणतात. "आमच्या जाऊबाई तर तीन महिन्यांत मांडी घालून बसून राहिल्या!" माझ्या डॉक्टरांनी मला मांडी आणि उकिडवं बसणं नको म्हणून सांगितलंय, दुसऱ्या कोणाला चालत असेल, सांधा वेगळा, पद्धत वेगळी. पण आपल्याकडे माणूस बरं झालं की नाही हे मांडीवरूनच मोजतात. चालतेय, जिना चढतेय, रात्री झोपतेय, त्याला गुण नाहीत.

संक्रांतीनंतर

जिन्याचा नियम पाठ झाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी ऑपरेशनच्या उलट्या हातात. हे माझ्या भावाला अजून पटत नाही. सुरुवातीला ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांनी मोजून दाखवलं, दोन्ही सारखे होते. स्नायू सैलावत गेले तसं ते वाटणं गेलं.

शेजारी हळदीकुंकवाला गेले. सतरंजीवर बायका, आणि मी एकटी खुर्चीवर. जरा ओशाळल्यासारखं झालं. मग माझ्याच वयाच्या दोघी उठल्या, म्हणाल्या, "आम्हालाही एकेक खुर्ची दे गं." त्यांचे गुडघे. कधीच्या बोलल्या नव्हत्या.

काल डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाड धरून राहिलंय. ॲक्टिव्हा चालवायची परवानगी मिळाली. मागे मात्र एका बाजूला पाय टाकून बसायचं नाही. ह्यांच्या मागे साडीत तशीच बसत आले, तर आता मी पुढे आणि हे मागे. देव टेबलावरच राहू द्यायचे ठरलंय. सोफा विकायचा आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.