कानात प्लग घातल्यावर हॉर्न कसा ऐकू येतो?

मोटरसायकलवर लांबच्या रस्त्याला लागण्याआधी मी कानात फोमचे इअरप्लग घालतो. ते पाहून पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारतंच, "अहो, मग मागचा हॉर्न ऐकू कसा येणार?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॉर्न ऐकू येतो. ताशी 80-90च्या वेगात तर उघड्या कानापेक्षा नीट येतो. प्लग वारा आणि हॉर्न दोन्हींचा आवाज खाली आणतो. वाऱ्याच्या गदारोळाने गांगरलेल्या कानाला मग त्यातला हॉर्न वेगळा काढता येतो. शहरातल्या संथ गर्दीत मात्र मी प्लग काढून ठेवतो. तिथे वारा नसतोच, आणि रिक्षावाल्याची हाकही ऐकू यायला हवी.

हेल्मेट आहे म्हणजे कान सुरक्षित, हा समज मला फार घातक वाटतो. हेल्मेट डोकं वाचवतं. वाऱ्याचा आवाज उलट त्याच्याच कडांवर, विशेषतः हनुवटीखाली आणि मानेपाशी, तयार होतो. वेग ताशी 100च्या आसपास गेला की आतला आवाज 100 डेसिबलच्या घरात जातो. गाडी किती शांत आहे याने यात फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94ला एक तास, 100ला फक्त पंधरा मिनिटं. पुणे ते कोल्हापूर किती तास लागतात, ते तुम्हीच धरा.

उतरल्यावर कानात कुईऽऽ असा आवाज राहतो, सकाळपर्यंत जातो, म्हणून आपण विसरतो. पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच स्वर. मग चारचौघांत बसल्यावर समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

कापसाचे बोळे घालू नका, त्यांनी आवाज नीट अडत नाही. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बहुतेक जण तो नुसता दारात टेकवतात आणि मग "काही उपयोग नाही" म्हणतात. हेल्मेटखाली टोचत असेल तर बाहेर आलेलं टोक कापा, पण ओढून काढता येईल इतकं राहू द्या.

इअरफोनवर गाणी लावून वारा झाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ते बंद करा. वाऱ्यावर मात करायला गाणं त्याहून मोठं लावावं लागतं. मागे बायको-मुलगा बसत असेल, तर त्यांच्यासाठीही एक जोडी खिशात ठेवा; वारा त्यांच्याही हेल्मेटवर आदळतोच.