कन्सोलमध्ये एलईडी: वीज कुठून घ्यायची, कुठून नाही

गेमिंग कन्सोलच्या जाळीतून मंद उजेड दिसावा म्हणून आत पाच-दहा एलईडी लावायचे असतील, तर त्यांना लागणारी वीज अगदीच किरकोळ असते. म्हणून बरेच जण थेट पॉवर सप्लायचा डबा उघडतात आणि त्याच्या बोर्डावर वायर जोडतात. कृपा करून हे करू नका. वीज त्याच सप्लायची घ्या, पण ती डब्यातून बाहेर आल्यावर.

डब्यात शिरलेल्या २३० व्होल्ट एसीचे आत डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठते. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या सप्लायमध्ये हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. प्लग काढल्यावरही हा साठा लगेच ओसरेल याची खात्री नसते. १५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात सुमारे ११ जूल असतात, आणि असा झटका जीवघेणा ठरू शकतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सप्लायच्या बोर्डावर मेन्सची (भिंतीतल्या विजेची) बाजू आणि कमी व्होल्टची बाजू यांच्यामध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी मुद्दाम सोडलेली असते. ती फक्त ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकप्लर (उजेडातून सिग्नल पोचवणारा भाग) आणि वाय कपॅसिटर (याच कामासाठीचा सुरक्षित कपॅसिटर) असे मोजकेच भाग ओलांडतात. तुमची बारीक वायर त्या पट्टीवरून गेली आणि उष्णतेने तिचं आवरण मऊ झालं, तर मेन्सचा दाब थेट एचडीएमआयच्या धातूपर्यंत आणि तिथून टीव्हीपर्यंत पोचू शकतो. कन्सोल तोवर अगदी नीट चालत असतो.

प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन एस यांच्यासारख्या आत सप्लाय असलेल्या कन्सोलमध्ये डब्यातून मदरबोर्डकडे १२ व्होल्टची मुख्य लाइन आणि सुमारे ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जाते. स्टँडबाय सोडून द्या. ती बेताच्या ताकदीची असते, कन्सोल बंद असतानाही चालू राहते, आणि तिच्यावर भार वाढला तर कन्सोल सुरूच होत नाही. पंख्याच्या वायरीही नकोत. पंख्याचा वेग व्होल्ट कमीजास्त करून बदलत असेल तर एलईडी मिणमिणतील, आणि भलत्या ठिकाणी सोल्डर करताना पंखाच बंद पडला तर कन्सोल तापेल.

आमच्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे यूएसबी पोर्टचे मागचे टाके, म्हणजे सोल्डरचे सांधे. तिथे ५ व्होल्ट मिळतात आणि सहसा बोर्डावरच करंटची मर्यादा घातलेली असते. नेमका टाका शोधायला एक जुनी यूएसबी केबल कापा, तिचं टोक पोर्टमध्ये घाला आणि कन्सोलचा प्लग काढलेल्या अवस्थेतच मल्टिमीटर बीपवर (जोड असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून लाल वायर कोणत्या टाक्याशी जुळते ते बघा. काळ्या वायरीने ग्राउंड, म्हणजे मायनस बाजू, सापडतो. यूएसबी ३ पोर्टची मर्यादा ९०० मिलिअँपिअर, यूएसबी २ ची ५०० असते. पण त्याच पोर्टवर कंट्रोलर चार्ज होणार, म्हणून एलईडींसाठी १०० च्या वर जाऊ नका.

त्यात दहा पांढरे एलईडी आरामात बसतात. पांढरा किंवा निळा एलईडी साधारण ३.१ व्होल्ट घेतो, उरलेल्या १.९ व्होल्टसाठी २२० ओहमचा रेझिस्टर लावला की ८ ते ९ मिलिअँपिअर वाहतात. बंदिस्त कन्सोलमध्ये एवढा उजेड पुरतो, २० मिलिअँपिअरची गरज नाही. लाल एलईडी २ व्होल्टचा, त्याला ३३० ओहम. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर ज्याचा व्होल्ट किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापल्यावर आणखी ओढतो आणि जळतो. मग त्याचा वाटा बाकीच्यांवर येतो.

१२ व्होल्टच घ्यायचे असतील तर मदरबोर्डवरच्या पॅडवरून घ्या आणि तीन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडून २७० ओहम लावा. १० मिलिअँपिअर होतात. चार जोडले तर व्होल्टच पुरत नाहीत. इथे फ्यूजशिवाय एकही वायर जोडू नका. ही लाइन १० अँपिअरहून सहज जास्त देऊ शकते. २८ गेजची वायर पत्र्याखाली दबून शॉर्ट झाली, तर सप्लायला तो आपल्या आवाक्यातलाच भार वाटू शकतो. तो बंद पडणार नाही, वायर मात्र लालबुंद होईल. म्हणून २५० मिलिअँपिअरचा फ्यूज, आणि तोही पॅडपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत. एलईडीजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहते.

तयार एलईडी पट्टी लावणाऱ्यांनी आकडे बघावेत. मीटरला ६० एलईडींची ५०५० पट्टी (हा आकडा एलईडीच्या आकाराचा) मीटरमागे १४.४ वॅट खाते. अर्धा मीटर म्हणजे सात वॅट उष्णता, ज्या कन्सोलमधून पंखा आधीच मुश्किलीने उष्णता बाहेर काढतोय त्याच कन्सोलमध्ये. ३५२८ पट्टी तेवढ्याच लांबीला २.४ वॅटवर भागते. रंग बदलणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीत पूर्ण पांढऱ्या उजेडाला एकेक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे २० एलईडींना १.२ अँपिअर. यूएसबीवर ती नकोच.

पट्टी कात्रीने कापली की टोकाला तांब्याचे उघडे चौकोन राहतात. मागचा चिकट थर उष्णतेने सुटतो, ते टोक लोंबकळत मदरबोर्डवर टेकतं आणि शॉर्ट होतो. टोकावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि पट्टी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) बांधा. ग्लू गनचा गोंद सप्लायजवळ मऊ पडतो, त्यावर भिस्त ठेवू नका. वायर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या, पंख्याच्या पात्यांपासून लांब न्या आणि पत्र्याच्या धारदार कडेवरून नेऊ नका.

जोडण्याआधी एलईडींची माळ वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर तासभर चालवा आणि मीटर मालिकेत घालून करंट मोजा. हिशोबाच्या दीडपट आला तर कुठेतरी रेझिस्टर चुकलाय. जोडल्यानंतर, प्लग लावण्याआधी, प्लस आणि ग्राउंडमध्ये बीप वाजत नाही याची खात्री करा. वीज यूएसबीवरून घेतली असेल तर झाकण लावून सगळे स्क्रू आवळल्यावर हीच तपासणी यूएसबी पोर्टमध्ये घातलेल्या त्या कापलेल्या केबलने पुन्हा करता येते, कारण वायर दबते ती नेमकी झाकण बसवतानाच.