वीतभर कागदावरचं युद्ध

पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनातून सुटलेली टीजीव्ही ही वेगवान गाडी दीड तासात ईशान्य फ्रान्समधल्या नान्सीला पोचते. बहुतेक लोक इथे उतरतात ते प्लास स्तानिस्लास या चौकाचे सोनेरी जाळीदार दरवाजे बघायला. मी आलो होतो सतराव्या शतकातला छापचित्रकार झाक कालो याच्यासाठी.

त्याची गाठ पडली चार दिवस आधी, लंडनला. ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्रांच्या अभ्यासखोलीत आधी वेळ घेऊन गेलं की मूळ चित्रं टेबलावर आणून देतात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. माझ्यासमोर आली त्याची १६३३ सालची, युद्धाच्या हालअपेष्टांवरची १८ एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची मालिका. एकेक चित्र जेमतेम आठ सेंटिमीटर उंच, आणि लांबीला वीतभरही नाही.

अकराव्या चित्रात मधोमध एक मोठं झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना वीसेक माणसं लटकली आहेत. गावं लुटताना पकडलेले हे शिपाईच. शिडीवर चढलेला पाद्री पुढच्या माणसासमोर क्रूस धरतोय. भोवती भालेकऱ्यांच्या रांगा. आणि उजवीकडे, झाडाखालीच, काहीजण ढोलावर फासे टाकतायत! माझं भिंग तिथून हलेना. वर गळफास, खाली फासे, आणि मध्ये नखाएवढी जागा.

इतकं बारीक काम त्याला जमलं कसं? तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने ओरखडायचं आणि मग पत्रा आम्लात घालायचा, ही त्या काळची रीत. पण मऊ मेणाचे टवके उडायचे, आम्ल नको तिथे शिरायचं. कालोने ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश उचललं. शिवाय तिरक्या टोकाचं एक हत्यार वापरलं. ते नुसतं बोटांत फिरवलं की रेघ जाड होते, पुन्हा बारीक होते. दूरच्या आकृत्या आम्लात थोडाच वेळ, जवळच्या जास्त. म्हणून मागचं सैन्य धुक्यात गेल्यासारखं दिसतं.

हाच माणूस राजेरजवाड्यांसाठी वेढ्यांची भलीमोठी चित्रं करत होता. १६२५ मध्ये स्पॅनिश सैन्याने नेदरलँड्समधलं ब्रेडा जिंकलं, त्याचं चित्र सहा पत्र्यांवर. पुढे फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्यासाठी ला रोशेल या फ्रेंच बंदराचा वेढा, तोही सहा पत्र्यांवर. खंदक, मोर्चे, छावण्या, सगळं पक्ष्याच्या नजरेतून. थक्क व्हायला होतं, पण माझा जीव त्या चित्रांत नाही अडकला. इतक्या उंचावरून माणसाचा चेहरा दिसत नाही.

मग १६३३ च्या सप्टेंबरात त्याच लुईने नान्सीच घेतलं. नान्सी म्हणजे तेव्हा फ्रान्सचा भाग नसलेल्या लोरेनच्या ड्यूकची राजधानी, आणि कालोचं जन्मगाव. असं सांगतात, की राजाने या वेढ्याचंही चित्र मागितलं, तेव्हा कालो म्हणाला, माझ्या ड्यूकच्या आणि मुलखाच्या अब्रूला धक्का लागेल असं काही करण्यापेक्षा मी अंगठा तोडून घेईन. मला ही गोष्ट खरी वाटते. ज्याने झाडाखालचे ते फासे टिपले, तो आपल्याच गावाचा पाडाव विजय म्हणून कसा रंगवणार?

दोनच वर्षांनी तो इथेच वारला. दफन झालं कॉर्देलिए मठात, ड्यूक घराण्याच्या थडग्यांशेजारी. मी दुपारी त्या चर्चमध्ये बराच वेळ बसलो. मग ग्रांद रूने सरळ चालत पोर्त द ला क्राफपाशी गेलो. चौदाव्या शतकातलं हे वेशीचं दार, दोन्ही बाजूंना गोल, जाडजूड बुरूज. १६३३ च्या त्या दिवसांत ते असंच उभं होतं. सायकलवरून शाळेची पोरं कमानीखालून ओरडत गेली, आवाज घुमवायला. मी दगडाला हात लावला, ऊन उतरलं तरी तो गरम होता. संध्याकाळच्या गाडीला अजून तासभर होता, म्हणून तिथेच पायरीवर बसून वहीत ते झाड काढायला घेतलं.