पुण्याचा क्लस्टर आणि १७२.१८ वाला पत्ता

मे महिन्यात नागपुरात दुपारी १२ ते ५ कोणी सर्व्हरला हात लावू नये असा नियमच पाहिजे. बाहेर ४५, आत कूलर घरघर करून राहिला, त्यातलं पाणी संपलं की तोही गरम हवाच फेकतो, आणि तेवढ्यात पुण्याहून मेसेज, "तुमच्याकडून आमचा क्लस्टर दिसतोय का?" नाही ना दादा, कुठं दिसून राहिला.

झालं असं की आमच्याकडे इलॅस्टिकसर्चचे (ढीगभर डेटात शोधायचं सॉफ्टवेअर) तीन क्लस्टर आहेत, क्लस्टर म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरचा गट, त्यातला एकेक म्हणजे नोड, एक इथं, एक पुण्यात, एक मुंबईत, तिघांत आपापल्या शहरातल्या ऑर्डरचे लॉग. साहेबांना सगळं एकाच जागी शोधायला पाहिजे. सगळा डेटा नागपुरात ओढून आणायचा तर डिस्कचा खर्च कोण देणार, म्हणून क्रॉस क्लस्टर सर्च. म्हणजे डेटा जिथल्या तिथं, सर्च फक्त इथून जाते, दूरच्या क्लस्टरला एक टोपणनाव द्यायचं आणि इंडेक्सच्या (डेटाच्या कप्प्याच्या) नावाआधी ते टोपणनाव आणि कोलन लावायचं, बस. पूर्वी यासाठी ट्राइब नोड नावाचा प्रकार होता, तो इलॅस्टिकसर्चच्या ७.० आवृत्तीत काढून टाकला.

एक गोष्ट साहेबांना तीनदा सांगावी लागली, ही जोडणी एकेरी असते. नागपूरच्या सेटिंगमध्ये पुणे टाकलं म्हणजे नागपूर पुण्यात शोधू शकतं, पुण्याला आपल्याकडचं काही दिसत नाही. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायचे.

तर मी पुण्याच्या एका नोडचा पत्ता सीड म्हणून टाकला, पोर्ट ९३००, सर्टिफिकेटं दोन्हीकडची एकमेकांना ओळखीची करून ठेवली होती, रिमोट इन्फो (दूरचा क्लस्टर जोडला आहे का ते सांगणारी कमांड) मारलं तर कनेक्टेड फॉल्स, म्हणजे जोडलेलंच नाही. बरं पोर्ट उघडं आहे का पाहायला टेलनेट केलं तर तेच पोर्ट धडधडीत उघडं! दोन तास फायरवॉलवाल्याला शिव्या देण्यात गेले, त्याची काहीच चूक नव्हती, नंतर त्याला तर्री पोहे खाऊ घातले.

भानगड होती स्निफ मोडची. काही सांगितलं नाही तर इलॅस्टिकसर्च हाच मोड धरते. यात सीड नोड हा फक्त दारात उभा असलेला माणूस, त्याला विचारायचं की घरात आणखी कोण कोण आहे आणि कुठं भेटतील, मग त्यातले तीन नोड निवडून त्यांच्याशी थेट जोडायचं. आता तो दारातला माणूस काय सांगतो, दादा मागच्या खोलीत, वहिनी गच्चीवर. घरातल्यांसाठी पत्ता एकदम बरोबर आहे, पण मी वर्धा रोडवर उन्हात उभा आहे ना बाप्पा, मला मागची खोली काय कामाची. पुण्याचे नोड डॉकरमध्ये (सर्व्हरच्या आतलं वेगळं खोकं, त्याचं आतलं नेटवर्कही वेगळं) होते, ते स्वतःचा पत्ता १७२.१८ पासून सुरू होणारा सांगत होते, आणि गंमत म्हणजे आमचेही डॉकरमध्येच, आमचंही नेटवर्क १७२.१८! म्हणजे पुण्याला निघालेलं पॅकेट आमच्याच अंगणात घुटमळत होतं. लॉगमध्ये 'नो रूट टू होस्ट' आणि बाजूला तो पत्ता स्पष्ट लिहिलेला होता, मी पहिले दोन तास फक्त एररचा मथळा वाचत बसलो, पत्त्याकडे पाहिलंच नाही.

आता याला दोन उपाय. एक, पुण्याच्या प्रत्येक नोडला बाहेरून पोचता येईल असा पब्लिश पत्ता (नोड इतरांना जो आपला म्हणून सांगतो तो) द्यायचा. पण तो बदलला की त्यांचे आपसातले नोडही त्याच पत्त्यानं एकमेकांना शोधणार, आणि प्रत्येक नोड रिस्टार्ट. पुण्याच्या दादांनी एका शब्दात निकाल लावला, "नको."

दुसरा, प्रॉक्सी मोड, प्रॉक्सी म्हणजे मधला निरोप्या. यात घरात कोण आहे हे विचारायचंच नाही, एकच पत्ता, त्या पत्त्यावर डिफॉल्टनं १८ सॉकेट (जोडण्या) उघडतात, पुढं कोणत्या नोडकडं पाठवायचं ते प्रॉक्सी पाहून घेईल. माझं मत विचाराल तर दोन क्लस्टर वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये असतील तर स्निफच्या नादीच लागू नका, सरळ प्रॉक्सी. स्निफ चांगला कुठं, तर जिथं इकडच्या नोडला तिकडचा प्रत्येक नोड सरळ दिसतो तिथं.

मोड बदलताना एक खोच आहे, जुने सीड त्याच रिक्वेस्टमध्ये नल (रिकामे) करावे लागतात, नाहीतर ते सेटिंग घेतच नाही. आणि प्रॉक्सी टीसीपीचा पाहिजे, म्हणजे आतलं न वाचता जसंच्या तसं पुढं ढकलणारा. पुण्याहून आधी एचटीटीपीवाला लोड बॅलन्सर मिळाला होता, ९३०० वर इलॅस्टिकसर्च आपली स्वतःची बायनरी भाषा बोलते, त्या बिचाऱ्या लोड बॅलन्सरला त्यातलं ओ की ठो कळेना. टीसीपी मोडमध्ये टाकलं आणि कनेक्टेड ट्रू. मी खुर्चीतून उठलो आणि कूलरमध्ये पाणी टाकून आलो.

मुंबईचं एपीआय कीनं (प्रवेशाच्या गुप्त किल्लीनं) केलं. मुंबईवाल्यांना आपल्या सर्टिफिकेटवर पूर्ण भरवसा टाकायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर. की वापरली तर तिकडून ठरवता येतं की नागपूरला फक्त हेच इंडेक्स दिसतील, बाकी घराला कुलूप. त्यासाठी तिकडं रिमोट क्लस्टर सर्व्हर चालू करायचा, त्याचं पोर्ट वेगळं, ९४४३, आणि साधी नाही तर क्रॉस क्लस्टरवाली की बनवायची. आमच्या ज्युनिअर पोट्ट्यानं की टाकली, चाललं, टाळ्या वाजल्या. मग संध्याकाळपासून मुंबईची सर्च कधी चाले, कधी नाही. रिमोट इन्फो मारलं तर कधी ट्रू, कधी फॉल्स. मला वाटलं लाइनच खराब आहे. शेवटी त्याला विचारलं, "की कुठं टाकली बे?" म्हणे, "कीस्टोरमध्ये." (गुप्त किल्ल्या ठेवायची नोडची पेटी.) "कोणत्या नोडच्या?" मग तो गप्प. कीस्टोर प्रत्येक नोडचा वेगळा असतो, त्यानं तीनपैकी एकातच टाकली होती. आणि रिमोट इन्फो पूर्ण क्लस्टरचं सांगत नाही, ज्या नोडला विचारलं तो आपल्यापुरतं सांगतो. तेव्हापासून मी तिन्ही नोडला वेगवेगळं विचारतो.

पण खरा घाम फुटला तो पुढच्या सोमवारी. साहेब म्हणाले, "मुंबईच्या ऑर्डर काऊन इतक्या पडल्या?" मुंबईत तर सगळं सुरळीत सुरू होतं. रविवारी रात्री मुंबईची लाइन गेलेली, आणि आमच्या रिपोर्टच्या पायथॉन स्क्रिप्टनं काही कुरकुर न करता दोनच शहरांचे आकडे जोडून पाठवून दिले. एरर नाही, काही नाही.

हे होतं स्किप अनअवेलेबल या सेटिंगमुळे. ते फॉल्स असेल तर एक क्लस्टर गेला की पूर्ण सर्च फेल, ट्रू असेल तर जो नाही त्याला वगळून बाकीच्यांचं उत्तर. ८.१५ आवृत्तीच्या आधी डिफॉल्ट फॉल्स होतं, ८.१५ पासून ट्रू केलं. मी जुन्या सवयीनं धरून चाललो होतो की तुटलं तर आरडाओरड होईल. उत्तरात क्लस्टर्स नावाचा भाग येतो बरं का, त्यात स्पष्ट असतं एकूण ३, यशस्वी २, स्किप्ड १, पण आमची स्क्रिप्ट फक्त हिट्स (सापडलेल्या नोंदी) उचलायची आणि ती स्क्रिप्ट लिहिणारा मीच. आता डॅशबोर्डसाठी ट्रूच ठेवलं, एक शहर गेलं म्हणून पूर्ण पडदा कोरा नको, पण रिपोर्ट मात्र स्किप्डचा आकडा शून्य नसेल तर पुढं जातच नाही, मेल टाकतो आणि थांबतो. डिफॉल्टवर विसंबून राहिलो नाही, प्रत्येक रिमोटला हातानं लिहून टाकलं.

आणखी एक छोटं, सकाळची पहिली सर्च अडकायची, रात्रभर कोणी बोललं नाही की मधली फायरवॉल गपचूप कनेक्शन टाकून द्यायची. रिमोटला पिंग शेड्यूल ३० सेकंदांचं दिलं, म्हणजे तेवढ्या वेळानं आपोआप एक हाक जाते, मिटलं.

आता तिन्ही जोडलेले आहेत, १० दिवस झाले, शांतता. काल पुण्याच्या दादांचा फोन आला, आवाज एकदम गोड, "आता आम्हालाही तुमच्या लॉगमध्ये शोधायचंय, तुमचा फक्त एक सीड नोड पाठवता का?" मी आमच्या नोडचा पब्लिश पत्ता उघडून पाहिला, १७२.१८.