क्लार्कसन अ‍ॅव्हेन्यूवरचे फर्चगॉट

न्यूयॉर्क म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर मॅनहॅटनच येतं. मी राहते ब्रुकलिनच्या ईस्ट फ्लॅटबुशमध्ये. इथे पर्यटक सहसा फिरकत नाहीत. कॅरिबियन बेकऱ्या, केस विंचरून देणारी दुकानं, रस्त्यावर हॉर्न वाजवत माणसं गोळा करणाऱ्या डॉलर व्हॅन. 2 किंवा 5 नंबरच्या सबवेनं विन्थ्रॉप स्ट्रीटला उतरायचं, थोडं चाललं की क्लार्कसन अ‍ॅव्हेन्यू. एका अंगाला किंग्ज काउंटी हे मोठं सरकारी इस्पितळ, समोर डाउनस्टेट मेडिकल कॉलेज. ससूनच्या दारात असते तशीच वर्दळ.

याच डाउनस्टेटमध्ये रॉबर्ट फर्चगॉट 1956 मध्ये फार्माकॉलॉजीचे, म्हणजे औषधशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले. रक्तवाहिन्या सैल कशा पडतात या शोधासाठी 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते 82 वर्षांचे होते. रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींसाठी हा रस्ता म्हणजे देवस्थानच, पण शेजारच्या बेकरीवाल्याला विचाराल तर नाव ठाऊक नसेल.

त्यांची गोष्ट 'अपघातानं लागलेला शोध' म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. मूळचे रसायनशास्त्राचे असलेले फर्चगॉट 1950 च्या आसपासपासून सशाच्या महाधमनीवर प्रयोग करत होते. धमनी तिरकी कापत तिची लांब पट्टी काढायची, उबदार द्रावणात टांगायची आणि औषध घातल्यावर ती किती आवळते ते मोजायचं. अ‍ॅसिटिलकोलिन हे मज्जातंतूंतून सुटणारं रसायन शरीरात टोचलं तर रक्तदाब उतरतो, म्हणजे वाहिन्या सैल पडायला हव्यात. त्यांच्या पट्ट्या मात्र उलट आवळायच्या. 1953 मध्ये त्यांनी तसं छापलंही.

मग 1978. या वेळी पट्टी नव्हती, धमनीची आडवी चकती होती. आधी नॉरएपिनेफ्रिननं ती आवळायची, ते धुऊन टाकायचं आणि मग अ‍ॅसिटिलकोलिनसारखंच काम करणारं कार्बाकॉल घालायचं, असा क्रम ठरलेला. तंत्रज्ञानं न धुताच कार्बाकॉल घातलं. आधीच आवळलेली चकती चक्क सैल पडली! दुसरा कुणी 'प्रयोग बिघडला, पुन्हा कर' म्हणून मोकळा झाला असता. फर्चगॉटांना ती ऊती पाव शतकाची ओळखीची होती. ती अशी वागायला नको हे त्यांना लगेच खटकलं. शोधाअंती कारण सापडलं त्यांच्याच जुन्या पद्धतीत. पट्टी कापताना धमनीची आतली बाजू घासली जायची आणि तिच्यावरचा एका पेशीच्या जाडीचा थर, एंडोथेलियम, निघून जायचा. चकतीत तो शाबूत राहिला होता.

हा थर किती नाजूक असतो, ते मी रोज पाहते. उंदराची महाधमनी बर्फगार क्रेब्ज या क्षारद्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरची चरबी सोलायची, दोन मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या, बारीक तारांवर ओवून 37 अंशांवर, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत ठेवायच्या. फिनाइलएफ्रिन घातलं की पडद्यावरची रेघ चढते. अ‍ॅसिटिलकोलिन घातलं की झरझर उतरते. तार आतून जरा जास्त फिरली की तो थर निघतो, मग अ‍ॅसिटिलकोलिननं रेघ ढिम्म हलत नाही.

फर्चगॉटांनी पुढे एक गमतीदार 'सँडविच' केलं: एंडोथेलियम काढलेल्या पट्टीला एंडोथेलियम असलेली दुसरी पट्टी आतल्या बाजूनं चिकटवली. पहिली पट्टी सैल पडली. म्हणजे त्या पेशींतून काहीतरी झिरपत होतं. 1980 मध्ये सहकारी झावाड्झ्की यांच्याबरोबरचा हा निबंध 'नेचर'मध्ये आला. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असावा, असं 1986 मध्ये फर्चगॉट आणि लुईस इग्नारो यांनी वेगवेगळं मांडलं. 1987 मध्ये इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकाडा यांच्या गटानं एंडोथेलियमच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात हे दाखवलं. नोबेल मात्र फर्चगॉट, इग्नारो आणि फरीद मुराद यांना. नियमानुसार तिघांपुरतंच असतं ते; तरी मोंकाडा राहून गेले हे मला आजही पटत नाही.

मुराद यांचा धागा आपल्याकडच्या घराघरात आहे. नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे त्यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं. आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सांगितलं होतं. हा किस्सा सगळेच सांगतात, म्हणून मीही सांगून टाकला.

मिरजेचे मामा खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रोग्लिसरीनच्याच जातकुळीतली छातीदुखीची गोळी, बाळगतात. परवा फोनवर म्हणाले, "तू एवढी रक्तवाहिन्या कापत बसतेस, मग सांग, ही गोळी बसूनच घ्यायची म्हणून डॉक्टर का ओरडतात?"

"मामा, त्यातूनही तोच वायू तयार होतो. तुमचं एंडोथेलियम थकलं असलं तरी गोळी त्याच्यावाचून थेट स्नायूला सैल करते. पण शिराही सैलावतात, हृदयाकडे रक्त कमी येतं, बीपी पडतं. उभे असाल तर चक्कर येऊन पडाल. डोकं ठणकतं तेही त्यामुळेच."

"म्हणजे डोकं दुखलं की गोळी चालली म्हणायची!"

"दुखलं नाही तरी चालते. आणि मामा, वायग्रासारखी गोळी तिच्याबरोबर अजिबात नको. दोन्ही मिळून बीपी धोकादायक उतरतं."

"तुझी मामी ऐकतेय," म्हणाले आणि फोन तिच्याकडे दिला.