चोंगे, ठेकुआ आणि सोळा माग

वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. 1998 साली आईच्या पाटल्या मोडून त्यांनी चार जुने साधे माग घेतले आणि इचलकरंजीत एका भाड्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना सुरू झाला. ज्या गावात विठ्ठलराव दातारांनी 1904 सालीच पहिला यंत्रमाग लावला, तिथे चार मागांचं कुणाला काय कौतुक! चाराचे सोळा व्हायला चौदा वर्षं गेली. कर्ज, सुताचे भाव, वीजबिल यांचं रडगाणं सगळ्यांचं सारखंच, म्हणून ते सोडून देतो. सांगायचंय ते 2018 सालचं.

तेव्हा आठ विणकर होते. चार गावातले, ते एक ते आठ नंबरचे माग दोन्ही पाळ्यांत चालवायचे. चार बिहारच्या गया जिल्ह्यातले, त्यांच्याकडे नऊ ते सोळा. मजुरी मीटरवर. सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणं, नीट न झालेलं बीम (उभ्या सुताचा जड रूळ) मागावर चढलं की तार सारखी तुटते, माग थांबवून गाठी मारत बसावं लागतं आणि तेवढी मजुरी बुडते. बिहारी पोरांचं म्हणणं, चांगली बीमं आधी गाववाल्यांना जातात. गाववाले म्हणायचे, भय्यांना कामच येत नाही. जूनमध्ये एका रात्री एकाने दुसऱ्यावर धोटा, म्हणजे मागातला आडवं सूत नेणारा लाकडी ठोकळा, उगारला. मागांची दुरुस्ती बघणारे जॉबरमामा मध्ये पडले म्हणून डोकं फुटायचं राहिलं.

मी काय केलं? स्नेहभोजन ठेवलं! मटण, पांढरा-तांबडा रस्सा, शाकाहारी लोकांना वेगळी पंगत, आणि ‘आपण सगळे एका कुटुंबाचे’ असं माझं भाषण. दोन्ही गट दोन भिंतींना पाठ लावून जेवले आणि हात धुऊन गेले. नऊ हजार रुपये गेले, आणि बायकोने आठवडाभर माझ्या भाषणाची नक्कल केली.

मग दिवाणजींना घेऊन चार महिन्यांची बीमवही काढली. पोरांचं खरं निघालं. जॉबरमामांच्या मनात पाप नव्हतं. जड बीम खांद्यावरून न्यायचं, म्हणून चांगल्या सायझिंगचा टेम्पो सकाळी आला की दाराजवळच्या मागांवर आधी चढवायचे. दाराजवळ होते एक ते आठ. त्या दिवसापासून दारात पाटी लावली : बीम नंबराप्रमाणे, सोळानंतर पुन्हा एक. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हे आधी केलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी सणांची गर्दी होती. 13 सप्टेंबरला गणपती, 17 ला विश्वकर्मा पूजा, 21 ला मोहरम, 23 ला विसर्जन. बिहारी पोरांना 17 तारखेला माग बंद हवे होते. गाववाले म्हणाले, यंत्राची पूजा खंडेनवमीला असते, ही मध्येच कसली? वाद पुन्हा पेटणार, एवढ्यात मामांनी आपले पाने आणि हातोडी धुऊन त्या पूजेत नेऊन ठेवली. म्हणाले, ‘हत्यार माझं. दोनदा पुजलं तर झिजतंय का?’ मामा कुरुंदवाडचे. तिथे मशिदींत गणपती बसतो, त्यामुळे यात काही विशेष केलं असं त्यांना वाटलंही नाही. मी अर्धी पाळी बंद ठेवली.

खत्तलरात्रीला, म्हणजे मोहरमच्या आदल्या रात्री, मामींनी कारखान्यात चोंगे पाठवले. गव्हाचं पीठ, गूळ, लाकडी साच्यावर दाबून उठवलेली नक्षी. बारा नंबरवरच्या पोराने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि ओरडला, ‘अरे, ये तो ठेकुआ है!’ त्याच्या घरी छठच्या सणाला आई हेच करते, साचासुद्धा लाकडीच. गाववाल्यांना हे मुळीच पटलं नाही. चोंगे ते चोंगे! ठेकुआ त्याहून कडक असतो, तुपात तळतात, बडीशेप घालतात, असा वाद चहाच्या वेळी आठवडाभर चालला. त्या कारखान्यात दोन्हीकडची माणसं तार, बीम आणि मजुरी सोडून दुसऱ्या कशावर बोलताना मी पहिल्यांदाच ऐकली. नोव्हेंबरात छठ आला. त्या पोरांनी खोलीवर स्टोव्हवर केलेला ठेकुआ डबा भरून आणला. तीन नंबरवरचे आमचे काका खाऊन म्हणाले, ‘बरा आहे, पण चोंगे नव्हेत.’

भांडणं संपली असं नाही. पंख्यावरून होतात, उचलीवरून होतात. 2020 च्या मे महिन्यात पोरं श्रमिक रेल्वेने गावी गेली तेव्हा मोहरम नसताना मामींनी चोंगे करून बांधून दिले. चारांतले तीन परत आले. बारा नंबरवाल्याने आईकडून एक जुना साचा आणला होता, पानाच्या नक्षीचा. मामी आता तोच वापरतात. नक्षी झकास उठते म्हणतात, फक्त साचा हाताला हलका लागतो.